ताकाची रात्र आणि शब्दांची सोयरीक

रमजान लागला की एक वाक्य मोबाईलवर फिरू लागतं. रमजानमध्ये राम आहे आणि दिवाळीत अली आहे, असं त्याचं म्हणणं. पाठवणाऱ्याचं मन साफ असतं. दोन समाज जरा जवळ यावेत, एवढीच त्याची इच्छा. इफ्तार पार्टीत, शांतता समितीच्या बैठकीत हे वाक्य कुणी म्हटलं की टाळ्या पडतात. मीही वाजवतो. पण शब्दकोश टाळ्या वाजवत नाही. 'रमजान' हा अरबी शब्द. त्याच्या मुळाशी रे, मीम आणि ज्वाद ही तीन अक्षरं आहेत आणि त्यांचा अर्थ तापणं, होरपळणं. 'दिवाळी' म्हणजे दीप आणि आवली, दिव्यांची ओळ. भाषेच्या हिशेबानं रामाचा रमजानशी आणि अलीचा दिवाळीशी काही संबंध लागत नाही. अक्षरं योगायोगानं शेजारी आली, इतकंच.

'होरपळणं' हा अर्थ मात्र विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा मागं सरकतो. २०१८ मध्ये तो मेच्या मध्यावर सुरू झाला होता. मारेगाव, वणी, पांढरकवड्याच्या त्या उन्हात ज्यांनी रोजे धरले, त्यांनी या शब्दाचा अर्थ कोशाशिवाय शिकून घेतला.

मग आपल्या भाषांमध्ये नाती नाहीतच की काय? आहेत, आणि भरपूर आहेत. पण शब्दांची सोयरीक चेहऱ्यावरून जुळवता येत नाही. जुळ्यासारखे दिसणारे दोन शब्द एकमेकांचे कुणीच लागत नाहीत, आणि तोंडवळा अजिबात न जुळणारे दोन शब्द सख्खे चुलतभाऊ निघतात. रमजानच्या निमित्तानं या दोन्ही प्रकारच्या मंडळींची ओळख करून घेऊ.

ऐकायला एक, अर्थाला वेगळे

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमच्या घरांतून 'ताक रात' हा शब्द सारखा ऐकू येतो. २१, २३, २५, २७ आणि २९ या त्या रात्री. यांतल्याच एका रात्री शब-ए-कद्र असते अशी श्रद्धा आहे, म्हणून लोक जागून इबादत करतात. एका वर्षी शेजारच्या काकूंनी माझ्या आईला मोठ्या आपुलकीनं विचारलं, "भाभी, ही ताकाची रात्र म्हणता, त्या दिवशी कढी करता का?" आई हसली आणि दुसऱ्या दिवशी खरंच कढी करून काकूंकडं पाठवली. मराठीतलं 'ताक' संस्कृत 'तक्र' या शब्दातून आलं. उर्दूतला 'ताक' म्हणजे विषम संख्या. भिंतीतल्या दिवा ठेवायच्या कोनाड्यालाही उर्दूत ताकच म्हणतात.

'खाली' हा असाच शब्द. कुणी "सीट खाली है" म्हणतो तेव्हा जागा रिकामी असते. कुणी "खाली बसा" म्हणतो तेव्हा जमिनीवर बसायचं असतं. पहिला अरबी, दुसरा आपल्या मराठी मातीतला. 'शेर'चा तर बाजारच भरला आहे. 'शेराला सव्वाशेर' मधला शेर वजनाचा, जंगलातला शेर फारसी, मुशायऱ्यातला शेर अरबी आणि मुंबईच्या शेअर बाजारातला इंग्रजी. चौघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आता थेट रमजानमधलेच शब्द घ्या. उपवासाला 'रोजा' म्हणतात. मराठवाड्यातल्या खुलताबादला जुनी माणसं 'रौजा' म्हणतात. तिथं बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराजी या सूफींच्या समाध्या आहेत. हा रौजा अरबी, मूळ अर्थ बाग. पुढं तो थोरांच्या कबरीच्या जागेसाठी वापरला जाऊ लागला. उपवासाचा रोजा फारसी, आणि तो निघाला 'रोज' म्हणजे दिवस या शब्दापासून. आपण ज्याला रोजंदारी, रोजगार, रोजनिशी म्हणतो ते सगळे याच घरचे.

कुराणात रमजानचा उल्लेख 'शह्र' या शब्दासह येतो. अरबीत शह्र म्हणजे महिना. आपलं 'शहर' म्हणजे नगर, ते फारसीतून आलेलं. दोघांचं लिखाण सारखं, पण गोत्र वेगळं.

आणि 'फित्र'? ईद-उल-फित्रमधला फित्र म्हणजे रोजा सोडणं. इफ्तार आणि ईदच्या नमाजाआधी गरिबाला द्यायचा फितरा हे त्याच घरातले. पण इतिहासाच्या पुस्तकात किल्लेदार 'फितूर' होतो, कोर्टात साक्षीदार 'फितूर' होतो, तो फितूर निराळा. अरबी-फारसी लिपीत 'त' साठी दोन अक्षरं आहेत, 'तोय' आणि 'ते'. फित्र तोयनं लिहितात, फितूर तेनं. देवनागरीत दोन्ही एकाच 'त'वर येऊन बसले आणि सणाला विनाकारण गद्दाराचा शेजार मिळाला.

सोयरीक ओळखायची कशी?

मग खरं नातं कसं ओळखायचं? भाषेचे अभ्यासक एका शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. एकच बदल पुन्हा पुन्हा, नियमानं दिसतो का, हे ते पाहतात. संस्कृतात जिथं 'स' असतो, तिथं जुन्या इराणी भाषांत बऱ्याचदा 'ह' असतो. सप्तचा हफ्त, मासचा माह, सहस्रचा हजार, सिंधुचा हिंदु. एकदा घडलं असतं तर योगायोग म्हटलं असतं. इतक्यांदा घडतं तेव्हा तो वंशावळीचा पुरावा होतो. संस्कृत आणि फारसी या एकाच आजीच्या दोन लेकींच्या मुली आहेत.

आता आपल्या गावाकडं पाहा. देवळात हरिनाम सप्ताह बसतो, त्यातला 'सप्त' म्हणजे सात. बँकेच्या कर्जाचा 'हप्ता' येतो, तो फारसी 'हफ्ता', म्हणजे मुळात सात दिवसांचा आठवडा. सप्ताह आणि हप्ता हे एकमेकांचे चुलतभाऊ. एक टाळ-मृदंग घेऊन बसला, दुसरा पासबुक घेऊन. चेहऱ्यावरून कोण म्हणेल? 'माहे रमजान' मधला माह आणि 'चैत्र मास' मधला मास हेही असेच भाऊ.

'शहर' फारसीतून आल्याचं वर सांगितलं. त्याचं जुनं इराणी रूप संस्कृतातल्या 'क्षत्र' या शब्दाचं भावंड आहे; क्षत्र म्हणजे राज्य, सत्ता. म्हणजे आपलं 'शहर' अरबी 'शह्र'चं कुणी नाही, पण 'क्षत्रिय' मधल्या क्षत्रचं आहे.

सगळ्यात मोठं उदाहरण रोज पाच वेळा कानावर पडतं. अरबीत नमाजाला 'सलात' म्हणतात. 'नमाज' हा शब्द अरबी नाहीच, तो इराणचा. इस्लाम येण्याआधीपासून तिथल्या भाषेत तो वाकणं, वंदन करणं या अर्थानं होता. इराणी लोक मुसलमान झाले तेव्हा प्रार्थनेसाठीचा आपला जुना शब्द त्यांनी टाकून दिला नाही. हा 'नमाज' आणि संस्कृतातलं 'नमस्' एकाच मुळातून आले. म्हणजे नमस्कार आणि नमाज यांचं नातं कुणी टाळ्यांसाठी जुळवलेलं नाही, ते हजारो वर्षांपूर्वीचं आहे.

रोजाचंही तसंच. फारसी 'रोज' म्हणजे दिवस, मुळात उजेड. तो संस्कृतातल्या 'रुच्' या धातूच्या कुळातला. रुच् म्हणजे चमकणं. याच रुच् धातूपासून आपला 'रुची' शब्द झाला. दिवसभर जिभेच्या रुचीपासून दूर राहायचं त्या व्रताचं नाव, आणि खुद्द रुची, दोघांचं कूळ एक!

ही कसोटी फक्त संस्कृत-फारसीलाच लागू होते असं नाही. मारेगाव तालुक्याच्या पोडांवर कोलामी बोलली जाते, जवळपासच्या गावांत गोंडी. या भाषांना पुष्कळ लोक मराठीचीच मोडकी रूपं समजतात. पण तीन या अंकाला गोंडीत 'मूंद' म्हणतात, कोलामीत 'मूंदिंग' आणि तेलुगूत 'मूडु'. चारला कोलामीत 'नालिंग', तेलुगूत 'नालुगु'. आकडे बोलतात की ही द्राविडी घरातली माणसं आहेत, तेलुगू-कन्नडच्या नात्यातली. त्यांना मराठीचा बिघडलेला अवतार म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या लेकराला आपल्या नावाचा दाखला देण्यासारखं आहे.

तहसील कार्यालयात एक फेरी

सारखे दिसणारे आणि नात्यात नसलेले शब्द पाहायचे तर तहसील कार्यालयासारखी जागा नाही. 'तहसील' म्हणजे गोळा करणं, मिळवणं. महसूल हा त्याचाच भाऊ, आणि "त्यात काय हशील?" असं आपण म्हणतो तो हशीलही त्याच घरचा. पण 'वसूल'? महसूल वसूल करतात, म्हणून दोघं सख्खे वाटतात. प्रत्यक्षात वसूलचा मूळ अर्थ पोहोचणं. त्याची मूळ अक्षरं वेगळी. आणि 'वशिला' तिसऱ्याच घरचा. तो मूळचा 'वसीला', म्हणजे जवळ जाण्याचं साधन. धर्मग्रंथात ते साधन अल्लाहच्या जवळ जाण्याचं असतं, कचेरीत साहेबाच्या.

याउलट नायब तहसीलदारातला 'नायब' आणि हैदराबादचा 'नबाब' यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. पण नबाब म्हणजे 'नव्वाब', आणि तो 'नायब'चंच अनेकवचन आहे. नायब म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं काम पाहणारा. आदर दाखवण्यासाठी अनेकवचन वापरलं आणि नायबाचा नबाब झाला. 'साहेब' म्हणजे मुळात सोबती. पैगंबरांच्या सोबत्यांना 'सहाबा' म्हणतात तो हाच शब्द. आणि 'जिल्हा' म्हणजे अरबीत बरगडी! शरीराची बाजू, मग मुलखाची बाजू, मग यवतमाळ जिल्हा.

अर्थ कसा प्रवास करतो, हे 'जकात' या शब्दाइतकं कुणी सांगत नाही. इस्लाममध्ये जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, गरजूला देणं. आपल्याकडच्या हिशेबानं साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीइतकी मालमत्ता असली की ती लागू होते. शब्दाचा मूळ अर्थ शुद्ध होणं, वाढणं. हाच शब्द मराठी कारभारात मालावरचा कर झाला आणि रस्त्यावर जकात नाके उभे राहिले. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर संपली, पण नाक्यांची नावं लोकांच्या तोंडी अजून आहेत. एका जकातीत देणारा घेणाऱ्याला शोधत त्याच्या दारापर्यंत जातो. दुसरीत घेणारा आडवा बांबू टाकून देणाऱ्याची वाट पाहतो. शब्द एकच.

'रमदान' म्हणणाऱ्यांना एक अर्ज

आता थोडं आमच्या घरातलं. अलीकडं काही तरुण 'रमजान' म्हणणाऱ्याला टोकतात. खरा उच्चार 'रमदान', असं त्यांचं म्हणणं. अरबांचा उच्चार 'द'कडं झुकणारा आहे, हे खरं. पण ज्वाद हे अक्षर इराणमार्गे आपल्याकडं आलं तेव्हा त्याचा 'ज' झाला, आणि तो फक्त रमजानमध्ये झाला नाही. अर्ज, कर्ज, गरज, हजर, मर्जी, कब्जा, काजी, जिल्हा, हौज, फजिती, सुट्टीची रजा, या सगळ्यांत तेच अक्षर आहे. रमदान म्हणायचं तर नियम सगळ्यांना सारखा लावावा लागेल. मग तहसीलदारांकडं 'अर्द' करावा लागेल, वर्गात 'हादर' म्हणावं लागेल आणि सोसायटीतून पिकासाठी 'कर्द' काढावं लागेल. नुसत्या कल्पनेनंच फजिती होते. आमच्या आजी-आजोबांनी 'रमजान'च म्हटलं आणि त्यांचे रोजे काही कमी पडले नाहीत.

दुसऱ्या बाजूलाही शुद्धीची ओढ जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून १६७७ च्या सुमारास रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश तयार केला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राजानं आपल्या राज्याची भाषा घडवणं, यात गैर काही नव्हतं. पुढं सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. 'दिनांक', 'महापौर' हे शब्द मराठीला मिळाले. आज सरकारी कागदावर दिनांक असतो आणि तोंडात तारीख. मराठीला दोन्ही पचले. सगळ्यात मजेदार गोष्ट माधव ज्यूलियन यांची. फारसी शिकवणाऱ्या, मराठीत गझल रुजवणाऱ्या या कवीनं १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला आणि त्याच कवीनं पुढं भाषाशुद्धीची बाजू घेऊन पुस्तकही लिहिलं. एकाच माणसाच्या मनात दोन्ही नांदू शकतात.

त्याहून मागं गेलं तर संत एकनाथ भेटतात. त्यांनी कचेरीतल्या अर्जाचा साचा घेऊन 'अर्जदस्त' लिहिली आणि फारसी शब्दांत देवाच्या दरबारी गाऱ्हाणं मांडलं. शब्द कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही; तो लोकांना कळतो का, एवढंच पाहिलं.

नवा शब्द घडवण्याला कुणाची हरकत नसावी. अडचण होते ती शब्दांची वाटणी करता करता माणसांची वाटणी सुरू होते तेव्हा. मराठी शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांना अजूनही कुणीतरी कौतुकानं सांगतं, "तुम्ही मराठी छान बोलता हो!" बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून आपण हसतो. पण त्या कौतुकात एक दार अर्धवट लोटलेलं असतं. जणू ही भाषा आम्ही पाहुण्यासारखी वापरतो. अशा वेळी मला 'गरजवंताला अक्कल नसते' ही म्हण आठवते. गरज अरबी, अक्कल अरबी, मधला 'वंत' संस्कृतातून आलेला, 'नसते' अस्सल मराठी. या म्हणीतून परके शब्द काढून दाखवा. जे उरेल त्याला म्हण म्हणता येणार नाही, आणि जी मोडेल ती कुणा परक्याची नसेल, मराठीचीच असेल.

कापसाच्या मुलखात कापूर

आपला मुलूख कापसाचा, म्हणून शेवटी कापसाकडं वळू. 'कापूस' आणि 'कापूर' यांच्यात फक्त एका अक्षराचा फरक. दोन्ही पांढरे, दोन्ही हलके. तरी नातं शून्य. कापूस संस्कृत 'कर्पास'मधून आला. तो इथून पश्चिमेला निघाला; फारसीत 'करबास' झाला, ग्रीकांकडं 'कार्पासोस' झाला. अरबांचा कापसाचा शब्द होता 'कुत्न'. तो युरोपात जाऊन 'कॉटन' झाला आणि इंग्रजांबरोबर आपल्या बाजारात परतला. म्हणून शेतात वेचतो तो कापूस आणि गाडी भरून नेतो ते कॉटन मार्केट. माल एकच, पण वावरापासून मार्केटपर्यंत जाता जाता तो संस्कृतातून अरबीत जातो.

कापराची गोष्ट याहून सुंदर आहे. कापराची झाडं सुमात्रा-बोर्निओकडची, आणि शब्दही तिकडूनच संस्कृतात 'कर्पूर' होऊन आला, असं बरेच अभ्यासक मानतात. हिंदुस्थानातून तो व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर अरबस्तानात पोहोचला आणि 'काफूर' झाला. कुराणाच्या ७६ व्या सूरहमध्ये, सूरह अद-दहरमध्ये, नेक माणसांना जन्नतमध्ये मिळणाऱ्या पेयाचं वर्णन आहे. पाचव्या आयतीत त्या पेयात काफूर मिसळलेला आहे. पुढं सतराव्या आयतीत 'जंजबील' येतं, म्हणजे सुंठ-आलं. ते संस्कृत 'शृंगवेर'चं बदललेलं रूप. ८३ व्या सूरहमध्ये 'मिस्क' म्हणजे कस्तुरी आहे, आणि तिचंही मूळ संस्कृतात सांगितलं जातं. सय्यद सुलेमान नदवी हे मोठे इस्लामी विद्वान. अरब आणि हिंदुस्थानच्या संबंधांवरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी हे तीन शब्द अभिमानानं नोंदवले आहेत. आपल्या देशाचा सुगंध कुराणात आहे, याचा त्यांना आनंद होता.

संध्याकाळी शेजारच्या घरात आरती होते, तबकात कापूर पेटतो. त्याच वेळी आमच्याकडं इफ्तारचं दस्तरखान मांडलेलं असतं आणि कुणीतरी कुराण पढत असतं. तबकातला कापूर आणि आयतीतला काफूर एकच आहे. त्यासाठी अक्षरांची ओढाताण करावी लागत नाही.

चंद्र दिसेल, ईद येईल. 'ईद' या शब्दाच्या मुळाशी परत येणं आहे. जी दरवर्षी फिरून येते ती ईद. आपला 'सण' संस्कृत 'क्षण'मधून आला; उत्सवालाही संस्कृतात क्षण म्हणतात. त्या दिवशी शेजारपाजारी शीरखुर्म्याच्या वाट्या जातील. शीर म्हणजे फारसीत दूध, खुर्मा म्हणजे खजूर. हा शीर संस्कृतातल्या 'क्षीर'चा भाऊ, आणि क्षीरपासूनच आपली 'खीर' झाली. तेव्हा दारात वाटी घेऊन आलेल्या पोराला कुणी "काय रे, काय आणलंस?" असं विचारलं आणि तो "शीरखुर्मा" म्हणाला, तर आतून काकू "अगं बाई, खीर आली" असं म्हणतील. त्यांचं बरोबरच असेल.